मधल्या रांगेचं माप

इंचमास्तरांच्या घरात माणसं सहा आणि गाडीत जागा पाच. सगळं दुखणं इथून सुरू झालं, म्हणून हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

गाडी तशी गुणी होती. छोटीशी, कुठल्याही बोळात शिरणारी, अकरा वर्षांत एकदाही रस्त्यात बसली नाही. पोरं लहान होती तोवर तर ती मोठीच वाटायची. मास्तर चालवायला, बायको शेजारी, मागे थोरली मुलगी आणि आजी, आजीच्या एका मांडीवर एक जुळं आणि दुसऱ्या मांडीवर दुसरं. पण पोरांना वाढू नका म्हणून कोण सांगणार? जुळी बारा वर्षांची झाली, ताडमाड वाढली. मागच्या सीटवर तिघं भावंडं बसली की काच खाली करायलासुद्धा शेजारच्याची परवानगी लागायला लागली. मग एक दिवस आजीच म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मला घरी बरं पडतं." सगळ्यांनी तिच्यावर लगेच विश्वास ठेवला. सोयीचं असलं की माणूस किती पटकन विश्वास ठेवतो बघा. पुढची चार वर्षं आजी दारात उभी राहून हात हलवत होती आणि गाडी तिच्याशिवाय जात होती.

ही आजी, म्हणजे मास्तरांची आई, चांगली ऐसपैस बाई. खुर्चीवर बसली की खुर्ची दिसायची नाही. तिची धाकटी बहीण, मास्तरांची मावशी, त्याच्या उलट, नुसती काडी. दोघी शेजारी उभ्या राहिल्या की सख्ख्या बहिणी आहेत हे शपथेवर सांगावं लागायचं. मावशी गाडीने चार तासांच्या अंतरावर राहायची. बाथरूममध्ये घसरून तिच्या खुब्याचं हाड मोडलं, ते नीट जुळलंच नाही, आणि ती अंथरुणाला खिळली. रोज दुपारी चार वाजता दोघींचा फोन. काय बोलायच्या कोण जाणे, निम्मा वेळ तर एकमेकींच्या औषधांची नावं चुकीची सांगण्यातच जायचा.

एका दुपारी मावशी म्हणाली, "ताई, एकदा सगळ्यांना घेऊन ये. एकेक करून नको. पोरं मोठी झालेली मी फोटोतच बघितली आहेत. तुझं अख्खं घर एकदा माझ्या खोलीत उभं राहू दे, मग मी मोकळी."

आईने फोन ठेवला, जिना उतरून दुकानात आली आणि मास्तरांना म्हणाली, "मला धाकटीकडे ने. सगळ्यांना घेऊन. एकदाच."

आईने मुलाकडे काही मागितल्याची मास्तरांना दुसरी आठवण नव्हती. हातातली कात्री त्यांनी खाली ठेवली. "नेतो की. मोठी गाडी घेतो आणि तिच्यातूनच नेतो."

"अहो, एका दिवसापुरती भाड्याने घेऊ," बायको संध्याकाळी म्हणाली. "या रविवारी जाऊन येऊ."

"आई आयुष्यात पहिल्यांदा काही मागतेय आणि मी तिला परक्याच्या गाडीत बसवू? मावशीच्या दारात माझ्या गाडीतून उतरेल ती."

झालं. पुढे तोंड उघडण्यात अर्थ नव्हता. मास्तरांचा अभिमान जागा झाला की त्यांच्या बायकोला भाजी करपल्यासारखा वास लांबूनच येतो आणि तो जायला दोन दिवस लागतात, हे तिला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलेलं होतं.

आता हे इंचमास्तर नाव पडलं कसं, तेही ऐका. घराच्या खालच्या खोलीत त्यांचं शिवणकामाचं दुकान. दोन मशिनी, एक लांबलचक टेबल, खडू, इस्त्री, आणि भिंतीवर ओळीने ठोकलेले खिळे. त्या खिळ्यांवर गिऱ्हाइकांचे फर्मे, म्हणजे ज्याच्या त्याच्या मापाने खाकी कागदातून कापून ठेवलेले आकार. कपडा आला की त्यावर फर्मा ठेवायचा, खडू फिरवायचा, कापायचं. एकदा घेतलेलं माप मास्तर परत घेत नसत. वर्षभराने कुणी आलं तर दारातून आत येतानाच त्याला न्याहाळत म्हणायचे, "दीड इंच सुटलाय तुम्ही. चालू द्या, चालू द्या." आणि खरंच दीड निघायचं. लोक पैज लावून हरायचे. नजरेतच टेप आहे म्हणायचे त्यांच्या.

आईचा फर्मा पहिल्या खिळ्यावर होता. कंबरेखाली अठ्ठेचाळीस. वर्षाला तीन गाऊन, सगळे त्याच्यावरच. तिला कधी दारातून आत येताना न्याहाळायची वेळ आली नाही. गिऱ्हाईक वर्षाने येतं, आई रोजच असते.

गाड्या बघणं सुरू झालं. पहिल्या शोरूममध्ये सगळं घर गेलं, एक आई सोडून. "माझे गुडघे दुखतात रे. आणि मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही बघाल ते चांगलंच असेल." तिथे एक निळी गाडी होती. तीन रांगा, मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या, दोन्ही बाजूंना हात टेकायला दांडे. जुळी शेवटच्या रांगेत जाऊन बसली ती उतरायलाच तयार होईनात. थोरलीने मधल्या खुर्चीत बसून डोळे मिटून घेतले. शोरूमच्या ताई खूश, गाडी विकली गेली असं त्या धरूनच चालल्या होत्या.

मास्तरांनी खिशातून टेप काढली.

"माणूस बसलं की पसरतं," ते ताईंना समजावून सांगायला लागले. "उभ्याचं माप वेगळं, बसल्याचं वेगळं. त्यात चार तासांचा प्रवास, अंगाला हलायला जागा हवी. आईला दोन दांड्यांच्या मध्ये वीस इंच लागतील. इथे साडेअठरा आहेत."

"काका, आजींनाच घेऊन या ना एकदा," ताई म्हणाल्या. "बसून बघतील."

"गरज नाही. माझ्याकडे माप आहे."

निळी गाडी बाद. पोरांनी तोंडं पाडली. मग दुसरी गाडी आली, तिच्यात मधे सलग बाकडं होतं, पण पायाखाली उंचवटा. तिसरीचं दार पुरतं उघडत नव्हतं, आईला आडवं होऊन शिरावं लागलं असतं. चौथीत सगळं ठीक, पण पायरी एवढी उंच की शिडी लावायची की काय. दर रविवारी मास्तर टेप घेऊन बाहेर पडायचे आणि इंच-अर्धा इंचाने हरून परत यायचे. दोन शोरूमवाले तर त्यांना लांबून बघूनच जेवायला निघून जायला लागले. पोरांनी यायचं सोडलं. बायको नाइलाजाने जात राहिली.

रोज चारच्या फोनवर मावशी विचारायची, "आली का गाडी?"

"मोजतोय अजून," आई हसून सांगायची. "माझ्या अंगाची गाडी मिळेना त्याला."

"तू कमी खा थोडं."

"आता काय कमी खाऊ?" आई म्हणायची, आणि दोघी हसायच्या.

एकदा परतीच्या वाटेवर, सिग्नलला थांबल्यावर, बायको म्हणाली, "अहो, आई जरा उतरल्यासारख्या वाटत नाहीत तुम्हाला? शाल सोडत नाहीत अंगावरची. कपडे धुवायलाही मला देत नाहीत हल्ली, स्वतःच धुतात."

"वय झालं तिचं. थंडी वाजते." सिग्नल सुटला. "आणि उतरली असती तर मला कळलं नसतं? दुनियेचं कळतं मला, आईचं नाही कळणार?"

हे ते खरोखर मनापासून बोलले. तेच तर वाईट आहे.

आठव्या महिन्यात मनासारखी गाडी सापडली. दांड्यांच्या मध्ये साडेवीस इंच. दार पुरतं उघडणारं, पायरी वीतभर, पायाखाली सपाट. मास्तरांनी तीनदा मोजलं. रंग मातकट होता, पोरांना आवडला नाही, पण रंगाला काय, तो बाहेरून असतो. गाडी हातात यायला सहा आठवडे लागणार होते. नवी येईल त्याच दिवशी जुनी छोटी गाडी शोरूमला द्यायचं ठरलं. घरी येऊन मास्तरांनी आईला सांगितलं, "अगदी ऐसपैस बसशील. राणीसारखी." आईने त्यांच्या गालावरून हात फिरवला आणि लगेच बहिणीला फोन लावला. त्या दिवशी तिने चार वाजायची वाट बघितली नाही.

मावशीने तिकडे सगळ्यांना सांगून टाकलं. येणार आहेत, सहाच्या सहा. सुनेला म्हणाली, ताईला आपल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या पुरायच्या नाहीत, शेजारून तो मोठा कोच आणून माझ्या पलंगाजवळ ठेव. सुनेने खरंच तो आणून ठेवला.

गाडी यायला बारा दिवस होते, तेव्हा सकाळी सात वाजता मावशीच्या मुलाचा फोन आला. "दादा, आई गेली. झोपेतच गेली. मावशीला नीट सांभाळून सांग."

सांभाळून सांगायला काही उरलंच नव्हतं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि मास्तरांच्या तोंडाकडे बघत होती. ती रडली नाही. आत गेली, केस विंचरून बाहेर आली आणि म्हणाली, "सगळे चला. तिने सगळ्यांना बोलावलंय."

आता सहा माणसं नेणार कशात? बायको म्हणाली, मी आणि थोरली बसने येतो. मास्तर कुणाला फोन लावावा याचा विचार करत दुकानात येरझारा घालत होते. तेवढ्यात बाहेरून गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. आई खाली उतरून छोट्या गाडीत जाऊन बसली होती, मागच्या सीटवर, मधोमध.

"आई, नाही मावणार गं," मास्तर म्हणाले.

"बसून तर बघू, बाबा," थोरली म्हणाली, आणि आजीच्या एका बाजूने शिरली. दुसऱ्या बाजूने जुळी बहीण. तिच्यापलीकडे जुळा भाऊ, अंग चोरून, दार अंगावर आपटणार म्हणून आधीच डोळे मिटून. दार लागलं. सहज लागलं. कुणाला ढकलावं लागलं नाही, कुणाचं हाड कुणाला टोचलं नाही.

"आजी, टेकून बस ना," जुळी म्हणाली. "जागा आहे."

मास्तरांनी गाडी सुरू केली आणि मागचं बघायला आरसा सरळ केला. आरशात आई होती. टेकून बसताना तिची शाल खांद्यावरून घसरली होती आणि ती वर ओढायचं तिच्या ध्यानात नव्हतं. गळ्याखालची दोन्ही हाडं वर आलेली. खांद्यावरून गाऊन उभ्या खुंटीवर टांगल्यासारखा खाली आलेला. मास्तरांच्या नजरेने इतकी वर्षं जे प्रत्येक गिऱ्हाइकाचं केलं तेच आत्ता केलं, त्यांना न विचारता केलं. छत्तीस. फार तर सदतीस.

बारा इंच. बारा इंच आई घरातल्या घरात संपली होती, आणि इंचमास्तरांना त्यातला एकही कळला नव्हता. शेजारी बायको त्यांच्याकडे बघत होती. मी म्हणत नव्हते का, असं ती म्हणू शकली असती. ती म्हणाली नाही, नुसती म्हणाली, "गाडी काढा. उशीर होईल."

चार तास ते गाडी चालवत होते. डोक्यात एकच हिशेब, आणि तो कितीही वेळा केला तरी तोच यायचा. निळ्या गाडीत ती मावली असती. दुसरीत, तिसरीत मावली असती. आणि कशाला हव्या होत्या त्या? याच गाडीत मावली असती. ज्या दुपारी तिने मागितलं, त्याच्या पुढच्या रविवारी, पोरांमध्ये थोडी दाटीवाटीने, पण मावली असती. आठ महिने मावशी जिवंत होती, गाडी दारात होती, आणि ते गावभर एका अशा बाईसाठी सीट मोजत फिरत होते जी आता कुठेच नव्हती. मागे जुळी आजीच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मास्तरांनी परत आरशात बघितलं नाही.

मावशीच्या घरासमोर माणसं जमली होती. मावशीची सून फाटकापर्यंत पुढे आली. मास्तर उतरले, बायको उतरली, एकेक करत पोरं उतरली, थोरलीचा हात धरून आई उतरली. सून आईच्या बाजूने पुढे गेली, वाकून गाडीत बघितलं आणि मास्तरांना विचारलं, "मोठ्या मावशी कुठे? त्यांना नाही आणलंत?"

आईनेच मागून तिच्या दंडाला हात लावला. "मी इथे आहे, बाळ."

सुनेने वळून बघितलं. ओळख पटायला तिला जरा वेळ लागला, आणि पटल्यावर ती जी रडायला लागली ती आपल्या सासूसाठी की समोरच्या बाईसाठी, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

आत मावशीला जमिनीवर चादर टाकून झोपवलं होतं. आई तिच्या उशाशी बसली. आयुष्यभर ज्यांना बघून कुणी बहिणी म्हटलं नाही, त्या दोघी आता एका मापाच्या दिसत होत्या. खोलीत तो शेजारून आणलेला कोच तसाच होता, त्यावर कुणी बसत नव्हतं. पोरं भिंतीला टेकून एका ओळीत उभी राहिली. सगळं घर खोलीत उभं होतं, मावशीने म्हटलं होतं तसं. उपयोग काय?

बऱ्याच वेळाने आई तोंड धुवायला मागच्या अंगणात गेली. मास्तर तिच्या पाठोपाठ गेले. नळ तिला जड जात होता, त्यांनी उघडून दिला. तिने ओंजळीत पाणी घेतलं तशी गाऊनची बाजू वर उचलली गेली आणि आतली शिवण दिसली. मशिनची त्यांची शिवण कडेला होती. तिच्या आत हाताने घातलेली एक ओळ. तिच्या आत आणखी एक. तिच्या आत आणखी एक. टाके वाकडेतिकडे, दोरा जो मिळेल तो, एक ओळ पांढरी, एक निळी, शेवटची चक्क शर्टाची बटणं लावायच्या काळ्या दोऱ्याची. दर दोन-अडीच महिन्यांनी एक ओळ. कापड बघून कपड्याची अख्खी कहाणी सांगणाऱ्या माणसाला हे वाचायला अवघड नव्हतं. आपण दुकानात खाली फर्म्यावर खडू फिरवत होतो आणि वर आई आपलं शिवलेलं आत घेत बसली होती. मास्तर तिथेच नळाच्या कट्ट्यावर बसले.

"आई, मला का नाही सांगितलंस?"

आई पदरासारखी शाल तोंडाला लावून चेहरा पुसत होती. "घास खाली उतरत नाही रे. वर्ष होत आलं. ताटातलं पोरांच्या ताटात सरकवायचे, त्यांना काय, वाढती अंगं."

"मग डॉक्टरकडे..."

"तेच. डॉक्टरकडे नेलं असतंस. तिथे ठेवून घेतलं असतं मला, नळ्या घातल्या असत्या. मग धाकटीकडे कोण नेतंय?" तिचा आवाज तक्रारीचा नव्हता, समजावण्याचा होता. "आजारी म्हातारीला चार तास गाडीत घालून कुणी नेत नाही. तू तर मुळीच नेलं नसतंस. मला घरीच ठेवलं असतंस. म्हटलं, आधी तिला भेटून येऊ, मग काय करायचं ते करा. शोरूममध्ये आले असते तर तू टेप काढली असतीस. म्हणून आले नाही."

ज्या भीतीने ती आठ महिने अंग झाकून वावरली, तेच मास्तरांनी तिचं केलं होतं.

"घरीच ठेवलं की गं मी तुला," ते म्हणाले. आणि मग पन्नाशीला आलेला तो माणूस लोकांच्या अंगणात, लोकांच्या देखत, आईच्या पोटाला डोकं लावून रडला. डोकं टेकलं तर तिथे पोटही उरलं नव्हतं.

आईने त्यांना रडू दिलं. नाही रे, तुझी काय चूक, असं काही ती म्हणाली नाही. ते खोटं झालं असतं आणि तेवढी ताकदही तिच्यात नव्हती. तिने त्यांच्या केसांतून दोनदा हात फिरवला, मग त्यांच्याच खांद्याचा आधार घेऊन वळली.

"चल आत," ती म्हणाली. "धाकटी एकटी आहे."